टिंब उठेल असा कागद

हर्षला कागद विकत घेताना आधी तो ऐकते. पानाचा कोपरा चिमटीत धरून कानाशी फडफडवते, मग दोन बोटांत चोळते आणि शेवटी पर्समधून टोचणी काढून पानाच्या कडेला टोचते. एवढं होईपर्यंत दुकानदार कपाळाला आठ्या घालून उभा असतो, आणि मी त्याच्याकडे बघून, रंगभूमीवर चाळीस वर्षं वापरलेलं माझं सगळ्यात गोड हसू हसत असते.

हर्षला बेचाळीस वर्षांची आहे. जन्म पळसदरीजवळच्या एका शेतकरी घरातला. आठव्या वर्षी गोवर अंगावर फुटला आणि डोळे गेले. वडिलांनी तिला मुंबईच्या एका अंधशाळेत ठेवलं. तिथं ती सहा टिंबांची ब्रेल लिपी शिकली, वेताच्या खुर्च्या विणायला शिकली, आणि तिच्याच सांगण्याप्रमाणे मोठ्यानं भांडायलाही शिकली. परत आली ती दहिवलीत भावाच्या घरी. बरीच वर्षं तिनं नाक्यावर एसटीडीचा पिवळा बूथ चालवला. माझी तिची ओळख त्या बूथमधली. नाटकाचे दौरे थांबवून मी दहिवलीत राहायला आले होते. दुसऱ्यांदा फोन करायला गेले तर ही म्हणाली, "बाई, तुमी नाटकातल्या ना? बूथमधून बोललात तरी रस्त्यापलीकडं ऐकू जातं."

मोबाइल आले आणि बूथ बंद पडला. आता ती घरी खुर्च्या विणते आणि वर्षातले दोन महिने आमच्या मंडळीची प्रॉम्प्टर असते.

आमची मंडळी म्हणजे कर्जत, दहिवली आणि आजूबाजूच्या साठीपुढच्या माणसांचा हौशी नाट्यसंघ. संघाचे प्रमुख भिवाजीराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, रूळ बदलणारे सांधेवाले. आवाज असा की घाटातली गाडी थांबावी. पण वय एकाहत्तर, आणि पाठांतर पहिल्यापासून कच्चं. त्यांच्यासाठी विंगेत कुणीतरी वही घेऊन बसावंच लागतं. अडखळले की पुढचे दोन शब्द हळूच सांगायचे, गाडी पुन्हा रुळावर येते. चार वर्षांपूर्वी तालमीत वीज गेली आणि वही धरून बसलेल्या गृहस्थांची बोलती बंद झाली. कोपऱ्यात नुसतं ऐकायला आलेल्या हर्षलानं अंधारातच पुढचं वाक्य सांगितलं, मग त्याच्या पुढचं. हौसेखातर तिनं तो प्रवेश टिंबांत उतरवून घेतला होता आणि मांडीवर ठेवून बोटांनी वाचत बसली होती. विंगेत अंधार असतो. बाकीच्यांना टॉर्च लागतो आणि त्याचा कवडसा रंगमंचावर पडतो. हिला काहीच लागत नाही. तेव्हापासून ती आमची प्रॉम्प्टर झाली.

लागतो तो फक्त कागद. लाकडी पाटीवर पान बसवायचं, वर खाचांची पत्र्याची पट्टी, आणि टोचणीनं एकेक टिंब दाबायचं. पान उलटलं की टिंबं वर आलेली असतात, ती बोटांना वाचता येतात. कागद पातळ असला तर टिंबाऐवजी भोक पडतं, मऊ असला तर टिंब दोन वाचनांत बसून जातं. एरवी ती जानेवारीत सगळ्या गल्लीतून जुन्या कॅलेंडरांची पानं गोळा करते. पण कॅलेंडरांचा कागदही वर्षागणिक पातळ होत चाललाय, आणि आमची नाट्यस्पर्धा नोव्हेंबरात.

गेल्या वर्षी तर त्या पानांनीच घात केला. कॅलेंडरांची लहानमोठी पानं सुतळीत ओवलेली होती. ऐन प्रयोगात सुतळी तुटली आणि सगळी विंगेत पसरली. हर्षला गुडघ्यांवर बसून ती जुळवत होती आणि भिवाजीराव अर्धा मिनिट प्रेक्षकांकडे बघत उभे होते. कुणीतरी हसलं. ते हसू भिवाजीराव वर्षभर विसरले नाहीत. यंदा पहिल्याच बैठकीत त्यांनी नातवाचं कानात घालायचं यंत्र टेबलावर ठेवलं. नातू मागे बसून मोबाइलवरून वाक्यं सांगेल म्हणाले. मी विरोध केला, दोघांनी माझी बाजू घेतली, आणि शेवटी ठरलं की हर्षलाला या एका प्रयोगापुरती संधी द्यायची. पुन्हा गडबड झाली तर पुढच्या वर्षीपासून यंत्र.

बाहेर पडल्यावर हर्षला म्हणाली, "बाई, उद्या कागद बघायला येता?"

कर्जतच्या बाजारपेठेत आम्ही सहा दुकानं फिरलो. लाँगबुक, फुलस्केप, झेरॉक्सचा कागद, सगळीकडे टोचणी घातली की भोक. कार्डशीट मिळाली, ती इतकी ताठ की दोन ओळींत मनगट भरून येई. चित्रकलेच्या वहीत टिंब उठलं, पण चार वेळा बोट फिरवल्यावर निम्मं उरलं. मला आमच्या कंपनीतल्या नकला आठवत होत्या. प्रत्येक नटाची वाक्यं वेगळी उतरवून काढत, तिला नक्कल म्हणायचे. तो कागद असा होता की पावसात भिजलेली नक्कल वाळवून आम्ही पुढच्या गावी प्रयोग करत असू. हे मी हर्षलाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, तो कागद आता असला तर सांगा, नायतर पुढच्या दुकानात चला."

सातवं दुकान नवीन नावाच्या दुकानदाराचं. तिशीचा पोरगा, वडिलांच्या जागी नुकताच बसलेला. त्यानं चकचकीत वह्यांचा ढीग समोर टाकला. हर्षलानं एकीत टोचणी घातली.

"ताई, वहीला भोकं पाडायला कोण घेतं?" तो म्हणाला.

"मी घेते. पण भोक पडायला नको."

त्याला हसू आलं. कागद कसा आहे हे गिऱ्हाईक विचारतच नाही, कव्हरवर चित्र कुठलं तेवढं विचारतं, असं तो सांगू लागला. मग काय वाटलं कोण जाणे, शिडी लावून माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा डोक्यावर जळमटं आणि हातात भूगोलाच्या चार प्रात्यक्षिक वह्या होत्या, वडिलांच्या काळातला माल. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आतली पानं जाड, कोरी, कडक. हर्षलानं एक पान फडफडवलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी नवीनला तिथंच आशीर्वाद देऊन टाकला. असल्या वह्या आणखी आहेत का, असं तिनं दोनदा विचारलं. नव्हत्या. कंपनीनं त्या काढणंच बंद केलं होतं.

नऊ दिवस मी वाचत होते आणि ती टोचत होती. एका पानाला वीस मिनिटं. नाटक दोन अंकी, वीस वर्षांनी भेटणाऱ्या भावाबहिणीचं. भाऊ भिवाजीराव, बहीण मी. ब्याऐंशी पानं झाली. काही लिहिताना वाया गेली, आणि चारही वह्या जवळपास संपल्या. मी एकदा म्हटलं, एवढा त्रास कशाला, तुझं निम्मं नाटक पाठ आहेच. ती म्हणाली की पाठ असलेलंच माणूस विसरतं. शिवाय मोबाइल कानात बोलत असला तर रंगमंचावरचं ऐकू येत नाही. हात मात्र पानावर आणि कान माणसावर एकाच वेळी ठेवता येतात.

सोमवारी सगळी पानं क्रमानं लावून तिनं तालमीच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. प्रयोग रविवारी दुपारी तीन वाजता, खोपोलीच्या एका सभागृहात.

बुधवारी कपाटात पानं नव्हती. हर्षलानं कपाटाचा तळ चाचपला, वरचा खण चाचपला, मग मलाही बघायला लावलं. भिवाजीरावांना फोन केला तर ते गूढ आवाजात म्हणाले, काळजी करू नका, पानं सुखरूप आहेत, शुक्रवारी मिळतील. हर्षला म्हणाली, "काकांना यंत्रच आणायचंय, म्हणून पानं लपवली असतील का?" मी तसं नाही म्हटलं, पण तसंच असेल असं मलाही वाटत होतं. दोन दिवस तिनं खुर्ची विणायला घेतली नाही.

शुक्रवारी दुपारी भिवाजीराव आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. चेहऱ्यावर वाढदिवसाचा आनंद. वर्तमानपत्र उलगडलं तर आत लाल रेक्झिनच्या पुठ्ठ्याचा जाडजूड ग्रंथ, वर सोनेरी अक्षरांत नाव: हर्षला.

"आता तुटू दे कशी तुटते सुतळी," ते म्हणाले. "बायंडरला सांगितलं, पोरीचं नाव टाक. तिला दिसणार नाय, पण लोकांना तर दिसंल."

हर्षलानं पुठ्ठ्यावरून हात फिरवला. सोनेरी अक्षरं खोल ठसली होती, ती तिला लागली असावीत, कारण ती हसली. मग तिनं पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पुढं सरकेना. तिनं दुसरं पान काढलं, मग एकदम मधलं, मग शेवटचं. हसू गेलं होतं.

"काका, हे कुणी दाबलं?"

भिवाजीराव अजून खुशीतच होते. पानं फुगली होती, पुठ्ठ्यात बसत नव्हती, म्हणून बायंडरनं दोन दिवस लोखंडी दाबात आवळून ठेवली, असं ते सांगत होते. कशी कागदासारखी सपाट केलीत बघ, असंही म्हणाले. बोलता बोलता माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज विझला.

मी पानावर बोट फिरवून बघितलं. अंगावर पुरळ येऊन गेल्यावर कातडी लागते तसं काहीतरी लागत होतं, पण वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. ब्याऐंशी पानं, नऊ दिवस, सपाट झाले होते.

भिवाजीराव स्टुलावर बसले. हा माणूस आयुष्यभर गाड्यांचे सांधे बदलत होता, एक सांधा चुकला तर काय होतं हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. मग म्हणाले, "तुझी चूक नाय गं हर्षे. चूक माझी. पण आता परवा प्रयोग हाय. मी नातवाला बोलावतो, दुसरा विलाज नाय."

"रविवारी सकाळी दहापर्यंत थांबा," हर्षला म्हणाली.

"लिवणार कशावर?"

वह्यांतली चांगली तीन पानं तेवढी शिल्लक होती.

शनिवारी सकाळी नवीननं माळा पुन्हा धुंडाळला, काही मिळालं नाही. मात्र त्यानं एक गोष्ट सांगितली. कोर्टाच्या कामाला एक हिरवा जाड कागद वापरतात, लेजर म्हणतात त्याला. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टांकडे असतो. पण तो दुसरा शनिवार होता. कोर्ट बंद, टेबलं बंद. त्यांतल्या रोहिदास नावाच्या टायपिस्टाचं घर पळसदरीला आहे एवढं नवीनला ठाऊक होतं. आम्ही रिक्षा केली.

रोहिदास घरी नव्हता, धरणावर गळ टाकून बसला होता. आम्ही दोघी दगडांवरून उतरत त्याच्यापर्यंत गेलो. माझा एक हात हर्षलाच्या खांद्यावर होता, आणि लोकांना वाटलं असेल की मी तिला नेतेय. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. थोडेच कागद उरले होते आणि सोमवारी सकाळी दोन प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायची होती. मी माझ्या सगळ्या भूमिका वापरल्या, आई झाले, रागावले, डोळ्यांत पाणी आणलं. तो पाण्याकडे बघत राहिला. मग हर्षलानं विचारलं, एक पान नुसतं हातात घेऊन बघता येईल का? तो गळ तसाच ठेवून उठला.

घरी त्यानं कपाटातून गठ्ठा काढला. तिनं फडफडवलं, चोळलं, टोचणी घातली, पान उलटलं. टिंब बारीक होतं पण उभं होतं. तीन-चार वाचनं टिकेल, ती म्हणाली.

"रंग हिरवा हाय, चालंल ना?" रोहिदासनं विचारलं.

"मलाच विचारताय?"

तो आधी ओशाळला, मग खो खो हसला, आणि मोजून चोवीस पानं दिली. सोमवारच्या कामापुरती तेवढी ठेवली.

चोवीस आणि तीन, सत्तावीस पानं. नाटक ब्याऐंशी पानांचं. रिक्षातून दहिवली आली तेव्हा हर्षला म्हणाली की नाटक लिहायचंच नाही, भिवाजीकाका जिथं अडतात तेवढंच लिहायचं.

दुपारी तिनं भिवाजीरावांना समोर बसवलं आणि दोन्ही अंक म्हणायला लावले. मी बहिणीची वाक्यं म्हणत होते. ती डोकं खाली घालून ऐकत होती आणि मधूनच हात वर करत होती. भिवाजीराव चिडले, की इथं मी कुठं अडलो? ती म्हणाली, "खोकलात. तुमचा खोकला म्हंजे पुढचं वाक्य हरवलं." चार वर्षं अंधारात बसून तिनं त्यांचे सगळे खोकले, आवंढे आणि विनाकारण घेतलेले सुस्कारे ओळखून ठेवले होते. कुठल्या वाक्याआधी ते चपला सरकवतात हेही तिला माहीत होतं. अशा एकेचाळीस जागा निघाल्या. प्रत्येक ठिकाणी आधीच्या वाक्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात, एवढंच लिहायचं.

मी म्हटलं, "माझं एकही वाक्य लिहू नकोस. कागद वाचेल. मला अख्खं नाटक पाठ आहे." खरं सांगते, हे मी उदार होऊन बोलले होते. हर्षलानं फक्त हं केलं.

संध्याकाळी पाचपासून जेवणापर्यंत ती टोचत होती. मी मजकूर सांगत होते. आठव्या पानावर एक भोक पडलं, मग तिनं हाताचा जोर कमी केला आणि वेळ वाढला. जेवताना तिला घास नीट धरता येत नव्हता. पहाटे पुन्हा बसली. साडेनऊला शेवटचं पान पाटीवरून निघालं, आणि सव्वीस पानं तिनं कोपऱ्यात सुईदोऱ्यानं स्वतः टाचली. बरोबर दहाला भिवाजीराव दारात उभे होते, मागे कानातलं यंत्र घेतलेला नातू. हर्षलानं पानं पुढे केली. त्यांनी हात लावला नाही. "नको, माझ्या हातानं आणखी काय तरी व्हायचं," म्हणाले आणि नातवाला घरी पाठवून दिलं.

तीन वाजता पडदा उघडला. सभागृह तीन चतुर्थांश भरलेलं, पुढच्या रांगेत परीक्षक. हर्षला डाव्या विंगेत लाकडी खुर्चीवर, मांडीवर हिरवी पानं. पहिल्या अंकात भिवाजीराव चारदा खोकले आणि चारही वेळा दोन शब्द आले, इतक्या हळू आवाजात की मलाही जेमतेम ऐकू गेले. दुसऱ्या अंकात ते एका नव्याच ठिकाणी थांबले. ती जागा पानांत नव्हती. विंगेतून काही आलं नाही. दोन क्षण, तीन क्षण. मग ते स्वतःच सावरले आणि पुढं गेले. हर्षलाच्या कपाळावरचा घाम मला तिरप्या उजेडात दिसला.

शेवटचा प्रवेश होता. भाऊ विचारतो की वीस वर्षं तू आली का नाहीस, आणि बहीण उत्तर देते. सगळं नाटक त्या उत्तरासाठी आहे. भिवाजीरावांनी विचारलं, आणि इतकं सुंदर विचारलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. हजारभर प्रयोगांत मी इतरांना सावरलं, त्यांची वाक्यं माझ्या तोंडी घेतली, पडलेली मिशी बोलता बोलता उचलून दिली. आता भिवाजीराव माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. प्रेक्षकांत कुणीतरी खुर्ची करकरवली. मी डाव्या विंगेकडे बघितलं नाही. तिकडं माझ्यासाठी काही नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं.

"येत होते मी," विंगेतून आवाज आला. "दर वर्षी येत होते."

"येत होते मी," मी म्हणाले. "दर वर्षी येत होते. स्टेशनापर्यंत." आणि पुढचं सगळं आपोआप आलं.

पडदा पडल्यावर मी सरळ विंगेत गेले. हर्षला तिथंच बसली होती, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं दाबत. मी तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं की माझं वाक्य तिनं कधी लिहिलं, आणि का. मी तर सांगितलं होतं.

"नको म्हणालात, त्याच टायमाला ठरवलं," ती म्हणाली. "आज पहाटे तुमी चहा ठेवायला उठलात तवा लिवलं. तालमीत त्या वाक्याआधी तुमी दर वेळी गिळता, बाई. काका खोकतात, तुमी गिळता."

भिवाजीराव मागे येऊन उभे राहिले होते. मेकअप घामानं ओघळून त्यांची पांढरी मिशी एका बाजूनं काळी झाली होती. त्यांनी हर्षलाला शाबासकी दिली नाही, आणि यंत्राचं नावही काढलं नाही. विचारलं एवढंच, "पुढच्या वर्षी अख्खं नाटक लिवायचं तर किती पानं लागतील?"

"नव्वद धरा. आणि बायंडर नको."

"नव्वद," ते म्हणाले, आणि कॉस्च्यूमच्या खिशात पेन शोधू लागले. भावाच्या त्या कोटाला खिसाच नव्हता. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि आकडा तळहातावर लिहिला.